जलपर्णीवरची स्वारी

मुठेच्या काठावर कुजक्या जलपर्णीचा वास आला, की या वयातही माझे हात कोयत्यासाठी शिवशिवतात.

साठेक वर्षांपूर्वी मी भरे गावच्या शाळेत नवा मास्तर होतो. गावतळ्यात जलपर्णी एवढी माजली होती, की कोंबड्या तिच्यावरून चालत पलीकडे जात. तिच्यात गुरफटून तळ्याकाठी राहणाऱ्या सखूबाईंची गाभण म्हैस बुडून मेली. मी चवताळलो. वर्गाला म्हणालो, "ही परदेशी वनस्पती. आजचा धडा तळ्यात. कोयते आणा!"

चाळीस पोरं कमरेएवढ्या पाण्यात घुसली. देठ सपासप तुटत होते, जांभळ्या फुलांची मुंडकी आभाळात उडत होती.

"मास्तर, हितं एक जित्ती हाय!"

"हाण, तुकडे कर!"

काठावरून सखूबाई ओरडल्या, "तुकडं भाईर काडा! हरळीवानी परत फुटंल ती!"

"बाई, शास्त्र मला शिकवू नका."

महिन्याभरात तुकड्यातुकड्याला मुळं फुटली आणि तळं पुन्हा गच्च झालं. सखूबाई उरलेली एकुलती म्हैस घेऊन शाळेच्या दारात आल्या.

"मास्तर, हिला पानी कुटं पाजू?"

दुसऱ्या दिवशी तळ्यावर धडा सखूबाईंनी घेतला. कोयते घरी होते. टोपली घेऊन मी पोरांच्या रांगेत शेवटी उभा होतो.