तीस फुटांखालचा हात

कुमुदताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी मुलुंडच्या तरणतलावाच्या पायरीवर डोकं पुसत बसले होते. दहिसरहून त्यांच्या शेजारच्या मीनाक्षीबाई बोलत होत्या. "झोपेतच गेल्या हो... चहाला हाक मारली तर उठल्याच नाहीत." मी ओल्या केसांनी तशीच रिक्षात बसले. वाटेत रडू आलं, आणि मध्येच थोडं हसूही आलं. ज्या बाईने मला सत्तावन्नाव्या वर्षी पाण्यात ढकललं, तिची बातमी मला पाण्याच्या काठावरच कळली होती. ताईंना हे आवडलं असतं.

कुमुदताई माझी मोठी नणंद. लग्न करून आले तेव्हा मला त्यांचा धाकच वाटायचा. कांजूरमार्गच्या पलीकडे सिमेंटच्या वस्तू बनवणारा एक कारखाना होता, तिथे त्या तीस वर्षं सुपरवायझर होत्या. गटाराची झाकणं, पाइप, फुटपाथचे ब्लॉक, सगळं त्यांच्या नजरेखालून जायचं. साठ पुरुषांत ही एकटी बाई, पण ताई आल्या की गुटख्याच्या पुड्या खिशात गायब व्हायच्या. ओल्या सिमेंटवर कुणी थुंकलं, किंवा काडीने स्वतःचं नाव कोरलं, तर त्याची वाट लागायची. मुंबईत त्यांच्याबरोबर चालणं म्हणजे शिक्षाच होती. फुटपाथवर एखादा ब्लॉक डुगडुगला की त्या थांबत, चपलेने दाबून बघत आणि जाहीर करत, "हे आमचं नाही. आमचं असतं तर हललं नसतं."

निवृत्तीच्या आधीचं त्यांचं शेवटचं काम मात्र वेगळं होतं. मालवणच्या किनाऱ्यापासून थोडं आत, जेमतेम तीस फूट खोल पाण्यात माशांसाठी घरं ठेवायची होती. सिमेंटचे पोकळ घुमट, सगळीकडून भोकं असलेले. त्यांच्यावर हळूहळू शिंपले, शेवाळ, प्रवाळ धरतं आणि मासे राहायला येतात. पाणी शांत, त्यामुळे पहिल्यांदाच स्कूबा करणाऱ्यांनाही तिथे उतरता येतं. ताई त्यांना माशांच्या चाळी म्हणायच्या. गाव मालवणकडचं, वडील गिरणीत, जन्म लालबागच्या चाळीत, तेव्हा चाळ आणि समुद्र दोन्ही त्यांच्या घरचंच. एकदा मला बाजूला घेऊन हळूच म्हणाल्या, "नीला, एक चूक केलीय गं. दुसऱ्या ओळीतल्या पहिल्या घुमटावर, सिमेंट ओलं असताना, हात दाबून आले." तीस वर्षं ज्या गोष्टीसाठी लोकांना फैलावर घेतलं, तीच स्वतः केली होती. चेहऱ्यावर मात्र पश्चात्तापाचा लवलेश नव्हता. "एवढं बनवलं, कशावर नाव नाही. एक तरी असू दे ना." मग जवळ सरकून म्हणाल्या, "मला तो बघायचाय."

झालं. मला पोहता येत नव्हतं, त्यांना थोडंफार येत होतं, आणि एकटीने जायची त्यांची तयारी नव्हती. मी नाही म्हणून बघितलं. "तू नाही आलीस तर मी तुझ्या नवऱ्याला नेईन, आणि तो बुडेल," असं त्यांनी म्हटल्यावर मी निमूट तलावाचा फॉर्म भरला. चार महिने मुलुंडच्या तलावावर आम्ही दोघी शाळकरी पोरांच्या मध्ये हातपाय मारत होतो. शेवटी डॉक्टरांचा कागद घेऊन मालवणला पोचलो.

होडीत आम्हाला पाण्याखाली नेणारे गावडे चाळिशीतले, शांत स्वभावाचे. त्यांनी सगळं नीट समजावलं आणि म्हणाले, "आता मास्कमध्ये थुंका, बोटाने काचेवर फिरवा आणि पाण्यात विसळा. नाहीतर आत धुकं धरतं. एरवी शाम्पू देतो, आज बाटली संपली."

ताईंनी त्यांच्याकडे असं बघितलं की मला गुटखेवाल्यांची दया आली. "मी आयुष्यात रस्त्यावर थुंकले नाही, समुद्रात थुंकू?"

"मावशी, समुद्रात नाही, मास्कमध्ये..."

"तेच ते."

त्यांनी काच टॉवेलच्या टोकाने लख्ख पुसली. मी पाठ वळवून, चोरासारखी, थुंकले.

खाली गेल्यावर जे दिसलं ते मी जन्मात विसरणार नाही. हिरव्या उजेडात घुमटांच्या ओळी, प्रत्येक भोकातून आतबाहेर करणारे पिवळे, काळे-पांढरे मासे, अगदी संध्याकाळची चाळ. ताई माझ्या शेजारी, माझा हात घट्ट धरून. मी बोटाने दाखवतेय आणि त्या डोकं हलवतायत. वर आल्यावर त्यांनी मास्क काढला. "काय दिसलं?" मी विचारलं. "धुकं," त्या म्हणाल्या. "धुकंच बघायचं होतं तर महाबळेश्वरला गेलो असतो." मास्कमध्ये थोडं पाणी घेऊन काच धुवायची, हे गावड्यांनी सांगितलेलं ऐन वेळी आठवलंच नाही म्हणाल्या आणि मोठ्याने हसल्या. पण किनारा येईपर्यंत माझ्याकडे बघितलं नाही, आणि मला फार वाईट वाटलं. दुसऱ्या दिवशी वारा सुटला, होड्या बंद झाल्या.

पुढच्या मोसमात डॉक्टरांनी सही दिली नाही. हृदयाचे ठोके चुकत होते, पाण्याखाली जायचं नाही. मला वाटलं, विषय संपला. ताईंनी तिकिटं काढली. "तू उतर. मी होडीत बसते."

त्या दिवशी मी तयार होत होते तेव्हा त्यांनी माझ्या हातातून मास्क घेतला. गावड्यांकडे एकदा बघितलं आणि त्यात सरळ थुंकल्या. बोटाने काच नीट चोळली, कोपरेसुद्धा. वाकून समुद्रात विसळली आणि माझ्या डोक्यावर पट्टा बसवत म्हणाल्या, "जा गो. माजो हात खंय आसा, तो बघून ये."

दुसऱ्या ओळीतला पहिला घुमट. शोधायला वेळ लागला, कारण आता सिमेंट दिसतच नव्हतं. गावड्यांनी हात धरून मला त्याच्याभोवती फिरवलं आणि मागच्या बाजूला तो सापडला. तळवा शिंपल्यांनी भरून गेला होता. तीन बोटांचे खळगे तेवढे शिल्लक. अंगठ्याच्या जागी बोटाएवढा एक मासा ठाण मांडून माझ्याकडे रागाने बघत होता.

वर येताना ठरवत होते की पूर्ण हात दिसला म्हणून सांगावं. पण त्यांच्याशी खोटं बोलणं मला तीस वर्षांत जमलं नव्हतं. "ताई, तीनच बोटं उरलीत. बाकी शिंपल्यांनी भरलंय. अंगठ्यात एक मासा राहतो."

त्या म्हणाल्या, "म्हणजे चाळ भरली." आणि त्यांनी माझे ओले, गारठलेले हात आपल्या हातांत घेतले.

मालवणच्या त्या फेरीला वर्ष होत आलं. परवा त्यांचं घर आवरायला दहिसरला गेले तेव्हा त्यांनी गुपचूप विकत घेतलेला एक मास्क बेसिनजवळच्या खिळ्यावर टांगलेला होता. मीनाक्षीबाई म्हणाल्या, "रोज सकाळी त्यात थुंकायच्या, विसळायच्या आणि तो लावून गॅलरीत उभ्या राहायच्या. मी विचारलं, ताई, डोळ्यांचं काही आहे का? तर म्हणाल्या, प्रॅक्टिस करतेय, एकदा नापास झालेय."

डॉक्टरांनी नाही म्हटलं होतं, तरी ही बाई तयारी करत होती. मी बेसिनपाशी उभी राहून पोटभर रडले. मग त्या मास्कमध्ये थुंकले, काच चोळली, विसळली आणि तो लावून गॅलरीत गेले. सगळं स्वच्छ दिसत होतं. खाली फुटपाथवरून एक गॅसवाला खांद्यावर सिलिंडर घेऊन दाणदाण पावलं टाकत गेला. मी वाकून बघत राहिले. एकही ब्लॉक हलला नाही.