चार बोटांचं जाळं

आज पैठणहून उस्मानपुऱ्यातल्या घरी परतलो तेव्हापासून कुणाशी बोललेलो नाही. म्हणून तुम्हाला लिहितो.

तीन वर्षं मी तिथल्या नाथसागर धरणाच्या काठी मच्छीमारांबरोबर काम करतोय. बारीक पिल्लं सुटून जातील अशी मोठ्या भोकांची जाळी वापरा, हे पटवणं हेच माझं काम. भोकातून चार बोटं गेली पाहिजेत.

सगळ्यांत आधी शांतामावशींनी जाळं बदललं. शेजारी हसले, तरी बदललं.

आज त्या जुनं जाळं शिवत बसल्या होत्या. मी बोटं घातली. दोनच गेली.

“मावशी, हे काय?”

“सर, तुमी म्हनलात पिल्लं सोडा. म्या सोडली. पलीकडच्यांनी तीच धरली. घरात लेकरांनी काय पानी चाटायचं व्हय?”

“एवढा हंगाम थांबा. मासळी वाढेल.”

त्यांनी दातानं दोरा तोडला. “थांबते. पर तुमी हायसा ना इथं?”

मी हो म्हणालो.

त्यांनी जुनं जाळं गुंडाळून ठेवलं आणि मोठं घेऊन होडीकडे गेल्या.

आमचा प्रकल्प याच आठवड्यात बंद होतोय. सोमवारी मी वाळूजच्या एका कारखान्यात रुजू होतोय. हे दोन्ही मला कालच पक्कं कळलं होतं.

खरं सांगितलं तर त्या उद्याच बारीक जाळं टाकतील. नाही सांगितलं तर माझ्या शब्दावर उपाशी राहतील.

सकाळी त्यांना फोन करायचा आहे. पहिलं वाक्य कोणतं बोलू?