टीव्हीवरच्या माणसाचा दुखवटा

भुताखेतांवर माझा काडीचाही विश्वास नाही, हे आधीच सांगून टाकते. या सदरातले अनुभव मी नवऱ्याला मोठ्यानं वाचून दाखवायचे आणि आम्ही दोघं पोट धरून हसायचो. आता माझ्यावरच लिहायची पाळी आली आहे... तेव्हा ज्यांना हसायचं त्यांनी खुशाल हसावं.

आम्ही नेरुळला राहतो, सारसोळेच्या बाजूला. मी महापेला एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. घरात मी, नवरा संदीप आणि माझे वडील — आण्णा. आण्णा मूळचे साताऱ्याकडचे. सगळं आयुष्य वाशीच्या मार्केटात माथाडी म्हणून पोती उचलली. आई नाही, मला भाऊ नाही, म्हणून बायपास झाल्यावर मी त्यांना आमच्याकडेच आणलं. ऑपरेशन छान झालं होतं. सोसायटीच्या वॉचमनशी रोज एखादा वाद घालून यायचे, म्हणजे तब्येत किती सुधारली होती ते ओळखा.

मला एक खोड आहे — रडके सिनेमे बघायची. संदीप म्हणतो, "सुखाचा जीव दुःखात घालायची हौस आहे हिला." एका रविवारी तो आण्णांना घेऊन कोपरखैरण्याला आत्याकडे गेला होता. मी एकटीच. लावला एक सिनेमा. कुठल्यातरी थंड देशातला, भाषा कळत नाही, खाली सबटायटल. एक म्हातारा एकटा राहतो, एवढीच गोष्ट. जेवताना तो पावाचे दोन तुकडे करतो, अर्धा टेबलाच्या पलीकडे, रिकाम्या खुर्चीसमोर ठेवतो. हळूहळू बोलणं बंद करतो. शेवटी एक दिवस मनगटावरचं घड्याळ काढून खिडकीच्या कडीला अडकवतो, भिंतीकडे तोंड करून झोपतो... आणि उठत नाही. संपला सिनेमा.

एरवी मी रडते, नाक पुसते, कुकर लावते. या वेळी रडू थांबलंच नाही. ऑफिसच्या बसमध्ये डोळे भरायचे, मीटिंगमध्ये भरायचे. घरी आण्णांना चहा द्यायला गेले की त्यांच्याकडे बघून पुन्हा सुरू! "काय गं, काय झालं?" "काही नाही." सिनेमातल्या म्हाताऱ्यासाठी रडतेय असं कोणत्या तोंडानं सांगणार? मी सिनेमाबद्दल घरात कुणाशीच एक अक्षर बोलले नव्हते. हे लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे.

काही दिवसांनी जेवताना आण्णांनी भाकरी मोडली आणि अर्धी ताटाच्या पलीकडे, समोरच्या रिकाम्या जागेवर ठेवली.

माझ्या हातातला डाव तसाच राहिला. "आण्णा, ती कुणाला?"

"असू दे," म्हणाले.

दुसऱ्या दिवशीही तेच. मग रोजच. वॉचमनशी भांडण बंद झालं, खाली उतरणं बंद झालं. मग बोलणंही बंद. डॉक्टर म्हणाले, बायपासनंतर काही जणांना असं डिप्रेशन येतं, गोळी देतो, टेन्शन घेऊ नका. संदीपलाही ते पटलं. मलाही पटवून घ्यायचं होतं हो! पण ती अर्धी भाकरी? डिप्रेशन भाकरी मोडायला शिकवतं का?

मग एका शनिवारी दुपारी मी भाजी घेऊन आले तर आण्णांच्या खोलीतल्या खिडकीच्या कडीला त्यांचं घड्याळ लटकत होतं. हे घड्याळ ते अंघोळीलाही काढायला कुरकुरतात. आणि आण्णा पलंगावर, भिंतीकडे तोंड करून.

मी भाजीची पिशवी टाकून धावले. छातीवर हात ठेवून बघितलं — श्वास चालू होता. पण पुढचा सीन मला माहीत होता ना! आज रात्री हा माणूस झोपणार आणि सकाळी उठणार नाही, एवढंच डोक्यात. संदीप ऑफिसच्या कामानं पुण्याला. मी रडत आत्याला फोन केला, "ये, आत्ताच्या आत्ता ये."

आत्या म्हणजे आण्णांची धाकटी बहीण. तोंडानं फटकळ, आवाज असा की पूर्ण मजल्याला कळतं पाहुणे आलेत. दारातच म्हणाली, "आगं बया, कोण गेलं?"

"कुणी नाही गं."

"मग घरात मयत झाल्यागत तोंड का केलंयस?"

तिला किचनमध्ये नेलं आणि सगळं सांगितलं. सिनेमा, पाव, भाकरी, घड्याळ. वाटलं, आता शिव्या खाणार. पण आत्या विचारात पडली.

"मेला कुठं त्यो?"

"सिनेमात."

"ते कळलं गं. तू बघितलास कुठं?"

"इथंच. हॉलमध्ये."

"म्हंजे तुझ्या घरात मेला. तू त्याला रडलीस. आन् दुखवटा कुणी काढला?"

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्याकडे घरात कुणी गेलं की सोयरे जेवण घेऊन येतात, साडी-टॉवेल देतात, घरच्यांना दोन घास खायला लावतात. मग ते दुःख सुटलं असं धरायचं. बाईच्या सासरच्या घरात मयत झालं तर हा दुखवटा तिच्या माहेरानं आणायचा असतो.

"अगं आत्या, सिनेमाचा दुखवटा कोण काढतं?"

"म्हनून तर त्यो मेलेला बसलाय न्हवं हितं मुक्कामाला!" असं म्हणून ती तरातरा खोलीत गेली. "दादा, ऊठ! लेकीच्या घरात मयत झालंय आन् तू म्हायेर असून खुशाल पडलायस?"

आण्णांनी कूस बदलली. कितीतरी दिवसांनी तोंडातून शब्द निघाला. "कोण गेलं?"

"हाय एक. तुझ्या वळखीचा न्हाय. पर दुखवटा तुलाच आनाय लागंल. हिला दुसरं कोण हाय?"

आण्णा उठून बसले. रीत म्हटल्यावर आमच्याकडची माणसं तापातूनही उठतात. आत्या त्यांना कोपरखैरण्याला न्यायला निघाली तर मी हात धरला — आज नको, आजच नको! ती म्हणाली, "हितं निजला तर मरंल म्हंतीस ना? मग आज हितं निजायचाच न्हाय." मी हात सोडला.

ती रात्र मी फोन हातात धरून काढली. सकाळी आत्याचा फोन आला. "उठलाय. च्या पिऊन साडी घ्यायला गेलाय."

दुपारी बेल वाजली. दारात आण्णा — इस्त्रीचा पांढरा शर्ट, टोपी, एका हातात डबा, दुसऱ्या हातात पिशवी. मागे आत्या. आण्णा हसले नाहीत. मयताच्या घरी जातात तसे मान खाली घालून आत आले, खाली बसले.

मग म्हणाले, "वर्षे, पोरी, वाईट झालं. मानूस चांगला हुता."

"आण्णा, तुम्ही कुठं बघितलंत त्याला?"

"चांगलाच आसनार. तू एवढी रडलीस म्हंजे."

मला जो हुंदका फुटला... आणि रडता रडताच हसू आलं. आण्णांनी साडी माझ्या ओटीत टाकली, डब्यातल्या पिठल्या-भाकरीचा पहिला घास मला भरवला. "झालं. आता सोड त्याला." मग स्वतः जेवायला बसले. भाकरी मोडली... आणि दोन्ही अर्ध्या खाल्ल्या. मी टक लावून बघत होते. त्यांनी तिसरीही मागितली!

त्या दिवसापासून सगळं थांबलं. म्हातारा माझ्या डोक्यातून गेला तो गेलाच, आता त्याचा चेहराही नीट आठवत नाही. संदीप म्हणतो, गोळ्यांचा गुण. असेल. पण न बघितलेल्या सिनेमातलं आण्णांना कसं कळलं?

धीर करून एकदा आण्णांनाच विचारलं, "तुम्हाला तेव्हा नेमकं काय होत होतं?"

"काय सांगू? तू च्या घेऊन यायचीस आन् माझ्याकडं बघून रडायचीस. मला वाटाय लागलं, मी गेलोय... आन् मला कुनी सांगितलंच न्हाय."