यातलं काय कापता येते?

काउंटरवर डॉक्टरची चिठ्ठी ठेवली की ते आधी तळहातानं तिच्या घड्या मोडत. मग पुढं वाकून, आम्हा दोघांनाच ऐकू जाईल अशा आवाजात विचारत, "भाऊ, यातलं काय कापता येते?"

वडशाला माझं औषधाचं दुकान आहे. लोक गोळ्यांची अर्धी पत्ती मागतात, मागच्या वेळची लाल गोळी मागतात, शेजारणीला लागू पडलेलं औषध मागतात. तुम्हीही कधीतरी मागितलं असेल, लाजू नका. पण डॉक्टरची चिठ्ठी नाटकासारखी कापायला निघालेला माणूस मी एकच पाहिला.

त्यात त्यांचा दोष नव्हता, तो त्यांचा धंदाच होता. ते प्रॉम्प्टर होते. आमच्या झाडीपट्टीत दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रांपासून होळीपर्यंत गावोगावी नाटकं होतात, आणि ती करणाऱ्या मंडळ्यांची ऑफिसं माझ्या दुकानासमोर ओळीनं आहेत. तालमी जेमतेम होतात. नट आज या मंडळीत, उद्या त्या. मग विंगेत पुस्तक घेऊन बसलेला माणूस हळूच ओळ पुरवतो, नट ती मोठ्यानं म्हणतो आणि टाळ्या नटाला पडतात. खेळ लांबला तर कोणता प्रवेश गाळायचा, हेही विंगेतला माणूसच ठरवतो.

"पाच औषधं म्हन्जे पाच अंक झाले, भाऊ. पब्लिक उठून जाईन."

"हे नाटक नाही. हे अँटिबायोटिक आहे."

"तं मंग हा हिरो. याले राहू द्या. अना हे व्हिटॅमिन?"

"ते नसलं तरी चालेल."

"हेच म्हनतो मी. उगाच गर्दी."

कधी कधी त्यांचं म्हणणं मला पटायचं, आणि त्यामुळं मी जास्तच चिडायचो. माझा स्वभाव मुळात उतावळा. एका जागी बसवत नाही म्हणून मी दुकानात खुर्चीच ठेवलेली नाही. समोर हा माणूस चिठ्ठीवरून सावकाश बोट फिरवतोय आणि मागं चार गिऱ्हाइकं ताटकळतायत, म्हणजे माझ्या डोक्याला मुंग्या यायच्या.

जन्मभर कुजबुजून त्यांचा मोठा आवाज गेलाच होता. बाजारात ते वांग्यांचा भावसुद्धा कानात सांगितल्यासारखा विचारत, आणि भाजीवाली बाई नकळत तितक्याच हळू उत्तर देई. बघणाऱ्याला वाटावं, काहीतरी चोरीचा माल चाललाय.

दुसरी खोड म्हणजे कुणी बोलता बोलता अडलं की यांच्या तोंडून पुढची ओळ निघालीच. डॉक्टरकडं नंबर लावून बसले असताना आत एक म्हातारा दुखणं सांगत होता. "डोकं दुखते, ताप हाय, अना..." म्हणून तो थांबला. दाराबाहेरून हे म्हणाले, "कंबर." म्हातारा म्हणाला, "हो जी, कंबर!" चिठ्ठीत कंबरेची गोळी आली, आणि ती चिठ्ठी घेऊन दोघं माझ्याकडं आले. कंबरेची गोळी कापायची का, हे पुन्हा यांनीच मला विचारलं.

त्यांना दमा होता. ओढायचं औषध सकाळ-संध्याकाळ घ्यायला सांगितलेलं. हे फक्त संध्याकाळी घेत. "सकाळी मी झोपलोच रायतो. सकाळचा प्रवेश गाळला." थंडीत छातीला मोहाचं तेल चोळत, ओवा शेकून हुंगत आणि महागाचं काही आलं की हात आखडत. बायको सिंदेवाहीकडं धानाची शेती सांभाळायची. हंगामभर हे वडशात एका खोलीवर एकटे.

गेल्या हिवाळ्यात फ्लू आला तो आधी नाटकवाल्यांतच शिरला. एका गाडीत खेटून बसणार, एकाच पेल्यातून चहा पिणार, दुसरं काय होणार! समोरच्या ऑफिसातून दिवसभर खोकल्याचे आवाज येत होते. एका दुपारी हे आले. अंगावर शाल, डोळे लाल, काउंटर धरून उभे.

चिठ्ठीत फ्लूची खास कॅप्सूल होती. दहाची पत्ती, रोज दोन, पाच दिवस. ताप आल्यापासून दोन दिवसांच्या आत सुरू केली तर खरा उपयोग. किंमत जवळजवळ त्यांच्या एका नाइटच्या बिदागीएवढी. मी किंमत सांगितली आणि नेहमीच्या प्रश्नाची वाट बघत उभा राहिलो.

"पूरी द्या," ते म्हणाले. "यातलं काही कापू नका."

 "सरकारी दवाखान्यात हीच फुकट मिळते," मी म्हणालो.

"तिथी माह्या छातीचा आवाज आयकला का भरती करून घेतात. नवं नाटक हाय, भाऊ. हिरोइन पुन्याची, तिले एक ओळ पाठ नाई."

मी डोस दोनदा समजावून सांगितला. सगळ्या दहा संपवायच्या, मध्ये सोडायच्या नाहीत, दम लागला तर तडक दवाखाना. त्यांनी मान हलवली. ते गेले आणि मला बरं वाटायला हवं होतं, पण वाटेना. ते दोन शब्द, 'पूरी द्या', माझ्या डोक्यात नुसते घोळत राहिले.

दुसऱ्या सकाळी त्यांच्या नाटकातला खलनायक खोकल्याचं औषध घ्यायला आला. गावभर ज्याला बायका शिव्या घालतात तो हा माणूस, प्रत्यक्षात फार गरीब. म्हणाला, "भाऊ, तुमची ते कॅप्सूल लय भारी. एकच घेतली, पन हलकं वाटून राह्यलं."

"एकच? कोणी दिली?"

"प्रॉम्प्टरभाऊनं. काल खेळाआधी नारळ फोडला ना जी, त्या प्रसादासंगं सगळ्याइले एक एक वाटली. म्हने, खेळ सगळ्याइचा, मंग औषध एकट्याचं काऊन?"

"आणि त्यांनी स्वतः?"

त्यानं बोटांवर मोजून पाहिलं. "दहा आम्हीच झालो," तो म्हणाला.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. दहा माणसांत दहा कॅप्सूल म्हणजे कुणालाच काही नाही! प्रसादाचा कण पुरतो, औषधाचा पुरत नाही, एवढं साधं या माणसाला कळू नये? मी खलनायकालाच फडाफडा बोललो. तो बिचारा खाली मान घालून ऐकत होता.

माझ्याकडं ती एकच पत्ती होती. नागपूरच्या ठोक दुकानात फोन केला, पार्सल दुसऱ्या दिवशी दुपारच्या बसनं येणार होतं. समोर जाऊन पाहिलं तर मंडळी पुढच्या गावाला निघून गेलेली. प्रॉम्प्टरभाऊंना फोन लावला. "दवाखान्यात जा," मी ओरडलो. पलीकडून कुजबूज आली, "ओरडू नका, भाऊ. आयकू येते." आणि मग खोकला.

तो दीड दिवस मी कसा काढला, माझं मला माहीत. एकाला खोकल्याऐवजी पोटाचं औषध देत होतो, त्यानंच टोकलं. जेवायला बसलो की उठत होतो. बायको म्हणाली, "तुम्हालाच ताप आहे का, बघा." बस यायच्या तासभर आधीच मी स्टँडवर येरझाऱ्या घालत होतो. पार्सल हातात पडलं तसं दुकान अर्ध्यावर सोडून मोटारसायकल त्यांच्या खोलीकडं काढली. मंडळी तोवर परतली होती.

ते भिंतीला टेकून बसले होते. मांडीवर नाटकाचं पुस्तक. दर श्वासाला छातीत शिट्टी वाजत होती. मी पत्ती पुढ्यात टाकली आणि जे तोंडाला आलं ते बोललो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मध्ये मी एकदा शब्द न सुचून अडलो, तर म्हणाले, "बिनडोक." मला तोच शब्द हवा होता.

"ही तुमच्यासमोर घेतो," म्हणत त्यांनी कॅप्सूल पाण्यासोबत गिळली. "दवाखान्यात उद्या जातो. आजचा खेळ होऊ द्या."

"खेळ दुसरा कोणी सांभाळेल."

"ते पोट्टे लय जोरात सांगतात, भाऊ. पब्लिकले आयकू जाते. मंग मजा नाई."

"आणि तुम्हाला काही झालं तर?"

"मी विंगेतला मानूस. मले कोन पाह्यते?"

मी पाहतो, असं मला म्हणायचं होतं. ती ओळ मात्र त्यांनी पुरवली नाही, आणि मला म्हणता आली नाही. माणसानं आपल्या जिवाचं काय करावं, हे शेवटी त्याचं तोच ठरवतो. त्यांनी शाल गुंडाळली, पुस्तक काखेत मारलं आणि ते गाडीत जाऊन बसले.

ते गेले. खेळ पार पडला, हिरोइनला टाळ्या पडल्या, आणि मंडळीची गाडी वडशाला न येता यांना घेऊन तडक गडचिरोलीच्या मोठ्या दवाखान्यात गेली. तिथं दोन दिवसांनी ते वारले. सिंदेवाहीहून बायको वेळेत पोचली, एवढंच बरं झालं. मला त्यांचा राग आला होता आणि आजही येतो. काउंटरवर कुणी चिठ्ठी ठेवून घड्या मोडायला लागलं की मी उगाच कपाटाकडं वळतो.

पण मला आठवतं ते त्या दवाखान्यातल्या पहिल्या दिवशीचं. मी पोचलो तेव्हा बायको अजून रस्त्यातच होती. यांच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क, डोळे मिटलेले. वॉर्डात गर्दी. नर्सबाई घाईत होत्या. लांबूनच त्यांनी विचारलं, "यांच्यासोबत कोण आहे? तुम्ही पेशंटचे कोण?"

मी अडलो. औषधवाला म्हणू? ओळखीचा म्हणू? इतक्या वर्षांत आमचं नातं काय, हे कधी ठरवलंच नव्हतं. बाई वाट बघत होत्या. सगळा वॉर्ड माझ्याकडं बघतोय असं मला वाटलं.

मास्कच्या आतून, मला एकट्यालाच ऐकू येईल एवढ्या आवाजात, ओळ आली.

"घरचा म्हना."

"घरचा," मी म्हणालो. बाईंना ऐकू गेलं नाही. मग मी ताठ उभा राहिलो आणि पार शेवटच्या खाटेपर्यंत जाईल अशा आवाजात पुन्हा म्हणालो, "मी यांच्या घरचा आहे."