आडवी गिटार

लग्नाच्या ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचो तेव्हा आर्वीत मला बरेच जण ओळखायचे. मग मी ती टेबलावर आडवी ठेवली, तारांमध्ये सायकलचा स्पोक अडकवला, वरून मूठभर सरकी सोडली, आणि ओळखणारे हळूहळू कमी झाले. बाबांचं हार्डवेअरचं दुकान घराला लागूनच होतं. एकदा ते गल्ल्यावरून उठून आत आले, थोडा वेळ ऐकत उभे राहिले आणि म्हणाले, "हे वाजवून राह्यला का दुरुस्त करून राह्यला?" ते चिडून विचारत नव्हते. त्यांना खरंच कळत नव्हतं.

त्या काळात एकाच माणसाला काही समजावून सांगावं लागत नसे. तो त्याच ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवायचा. कार्यक्रम नसला की माझ्याकडे यायचा, भिंतीला टेकून बसायचा, डोळे मिटून ऐकायचा. संपलं की म्हणायचा, "पुन्हा वाजव." त्या दोन शब्दांच्या भरवशावर मी नोकरीच्या जाहिराती वाचणं सोडून दिलं.

आम्ही सर्वांत मोठं काम केलं ते एका जिनिंगमध्ये, कापसातून सरकी वेगळी काढणाऱ्या कारखान्यात. मालक बाबांच्या ओळखीचे, म्हणून आत बसू दिलं. कापसाची आवक जोरात होती. मी यंत्रांच्या घरघरीशी गिटारच्या तारा जुळवल्या आणि कोपऱ्यात बसून त्या आवाजाच्या आतून वाजवत राहिलो. तो रेकॉर्ड करत होता. दुपारी जेवणाच्या सुट्टीला यंत्रं थांबली. कापसातला कचरा वेचणाऱ्या बाया इतका वेळ एकमेकींशी ओरडून बोलत होत्या. यंत्रं थांबल्यावरही क्षणभर त्या तशाच ओरडत राहिल्या, मग स्वतःच्याच आवाजाला दचकून हसल्या आणि हळू बोलायला लागल्या. मी तारांवरून हात उचलले. पुढे बराच वेळ मी काही वाजवलं नाही. त्या रचनेत माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचं तेच होतं, माझं न वाजवणं.

पुढं त्याला पुण्यात एका स्टुडिओत काम मिळालं. "साफ करून पाठवतो," म्हणून तो रेकॉर्डिंग सोबत घेऊन गेला. मी वर्ध्याला खोली घेऊन गिटारचे क्लास सुरू केले, लग्न केलं. त्याचे फोन येत होते. मग कमी झाले. कामात असेल, असं मी धरून चाललो.

एके दिवशी क्लासमधल्या कॉलेजच्या मुलीनं मोबाइल पुढं केला. "सर, या सिनेमाचं म्युझिक ऐका ना. असं शिकवाल का?"

स्पोकचा आवाज मी लगेच ओळखला, ते जिनिंगमधलंच रेकॉर्डिंग होतं. खाली ढोल घातले होते, वर व्हायोलिन. संगीतकार म्हणून त्याचं नाव होतं. माझं कुठंच नव्हतं. मुलगी माझ्या तोंडाकडे पाहत होती. मी तिला शिकवीन म्हणालो.

त्याला फोन केला तर तो आनंदानं बोलला. "आयकलं का? कसं वाटलं?"

"माझं नाव कुठं आहे?"

"अरे, तुझंच आहे ना ते. पण लोकांपर्यंत कोणी नेलं? खरं सांगू का, तू करत होता तो नुसता आवाज होता बे. त्याचं संगीत मी केलं."

"मग इतकी वर्षं 'पुन्हा वाजव' काऊन म्हणत होता?"

"मले वाटे, कधीतरी सूर सापडन तुले."

हे तो दुखवायला बोलला नाही, म्हणून जास्त लागलं. नाव गेलं ते मी कदाचित गिळलं असतं. पण आर्वीतल्या त्या खोलीत माझं ऐकणारा एक माणूस होता, हेच त्यानं काढून घेतलं. बायको म्हणाली, "वकिलाले विचारून पाहा." वकिलाकडे जाऊन मी नेमकं काय परत मागणार होतो?

वर्षभरानं त्याचाच फोन आला. नागपुरात कार्यक्रम होता, जिनिंगची रचना मंचावर करायची होती, आणि स्पोकचं काम दुसऱ्या कुणाला जमत नव्हतं. बायको म्हणाली, "जाऊ नका." मी गेलो. ती रचना भरल्या सभागृहात एकदा तरी व्हावी असं मला वाटत होतं.

तालमीत रचनेतली यंत्रं थांबायची जागा आली. मी हात उचलले, तर ढोल सुरू झाले.

"इथं थांबायचं आहे," मी म्हणालो.

"इतका वेळ शांतता ठेवली तर लोक उठून जातात," तो म्हणाला. "काढून टाकलं ते."

मी स्पोक काढला, गिटार पिशवीत घातली. "मग माझं काम नाई राह्यलं याच्यात," एवढंच बोललो. त्यानं अडवलं नाही. ध्वनियंत्रणेवरच्या माणसाला म्हणाला, "रेकॉर्डिंग लाव." दारापर्यंत पोचलो तेव्हा मागून माझंच वाजवणं ऐकू येत होतं. वर्ध्याच्या एसटीत वाटेत केळझरला देवदर्शन करून आलेलं एक कुटुंब चढलं. त्यातल्या शेजारी बसलेल्या बाईंनी प्रसादाचा खोबऱ्याचा तुकडा हातावर ठेवला. तो खाता खाता मी खिडकीकडे तोंड वळवलं.

नंतर मी नवीन रचना केली, वर्ध्याच्या एका छोट्या हॉलमध्ये वाजवली. अर्धे लोक मध्येच गेले. बायको शेवटपर्यंत बसली.

ऑटोत ती म्हणाली, "मले काई समजलं नाई."

"माहीत आहे."

"पण तुम्ही थांबले होते ना, तेव्हा मागचा पंखा करकर करत होता. पुढच्या वेळी बंद करायले सांगजा."

पुढच्या कार्यक्रमात मी पंखा बंद करायला लावला. उकाड्यानं आणखी काही जण उठून गेले.