एका कवळीवाल्याला किती गावं लागतात

आमचे मामा कवळ्या करायचे. डॉक्टर नव्हते, तोंडाचं माप घेऊन, साचा काढून, दातांची अख्खी रांग बसवून देणारे कारागीर. गावात त्यांना सगळे ‘कवळीवाले’ म्हणत आणि मामीला ‘कवळीवाल्यांच्या वहिनी’. मामीला हे मुळीच आवडत नसे. तिचे बत्तीसच्या बत्तीस दात स्वतःचे होते, तरी ओळख करून दिली की समोरच्याची नजर आधी तिच्या तोंडाकडे जायची.

काम ते शिकले मोठ्या शहरात, एका दवाखान्याच्या मागच्या खोलीत. अकरा वर्षांनी स्वतःचं दुकान काढायचं ठरवलं, तर त्याच रस्त्यावर आधीच चौदा कवळीवाले होते. दुसरीकडे जायचं म्हटल्यावर मामीने आपलं माहेर सुचवलं. मामा म्हणाले, हिशेबाने ठरवू.

हिशेब असा होता. कवळी साधारण आठ वर्षं टिकते. नऊ हजार वस्तीच्या गावात साठीपुढची माणसं हजारभर, त्यांतली तोंडाचं बोळकं झालेली चारशे, आणि त्यांतली कवळी लावायला राजी होणारी दोनशे. म्हणजे वर्षाला पंचवीस कवळ्या. पोट भरायला दोनशे लागत होत्या. तेव्हा एका कवळीवाल्याला अशी आठ गावं लागतात, असं मामांनी मामीला जेवताना सांगितलं. मामी म्हणाली, एक घर मिळालं तरी पुरे.

शेवटी त्यांनी नदीकाठचं एक गाव निवडलं. मामीचं माहेर समोरच्या काठावर होतं, पण मध्ये पूल नव्हता आणि वळसा घालून जायला अडीच तास लागत. गाव निवडण्याचं कारण म्हणजे तिथे मंगळवारचा मोठा बाजार भरायचा आणि आसपासची माणसं येत. पण माणूस दातांसाठी किती लांबून येईल, हे कुठे लिहिलेलं नव्हतं. मामांनी बाजारात उभं राहून लोकांना विचारलं. मिठासाठी कोणी गल्ली ओलांडत नव्हतं. लग्नाच्या कपड्यांसाठी दिवसभराचा प्रवास करायला सगळे तयार होते. कवळीला चार खेपा घालाव्या लागतात म्हटल्यावर बहुतेक जण म्हणाले, दोन तास, त्याच्या वर नाही.

मग मामांनी दुकानाच्या भिंतीवर नकाशा चिकटवला आणि दोन तासांत येता येईल अशी टोकाची गावं पेन्सिलीने जोडली. त्यांना गोल येईल असं वाटलं होतं. पण पक्क्या रस्त्याच्या बाजूला रेघ लांब पळाली, डोंगराच्या बाजूला आत घुसली आणि नदीपाशी थांबली. बटाट्यासारखा आकार झाला. त्या बटाट्यावर मामांनी बारा वर्षं संसार केला.

तेराव्या वर्षी पुलाची बोलणी सुरू झाली. पलीकडचं शहर चाळीस हजारांचं, म्हणजे मामांच्या हिशेबाने जवळजवळ अठराशे बोळकी. अर्जावर सह्या गोळा करायला मामा स्वतः दारोदार फिरले. शेजारचे घड्याळवाले म्हणाले, रस्ता दोन्ही बाजूंनी असतो. मामांनी त्यांचीही सही घेतली.

पूल झाला. पहिली बस यायची त्या सकाळी मामा इस्त्रीचा शर्ट घालून दुकानाचं दार सताड उघडून बसले. बसमध्ये ड्रायव्हर, कंडक्टर आणि मामांच्या सासूबाई होत्या. परत जाताना बस खच्चून भरली होती. सासूबाई आठ दिवस राहिल्या.

पुढे दर महिन्याला गावातलं काही ना काही पलीकडे गेलं. आधी कापडाचं गिऱ्हाईक, मग सिनेमाचं, मग दातांचं. पलीकडे दातांचं मोठं रुग्णालय होतं आणि तिथे तीन दिवसांत कवळी मिळत होती. एकदा मामांचे जुने गिऱ्हाईक, निवृत्त पोस्टमन, रस्त्यात समोर आले आणि त्यांनी पटकन तोंडावर हात धरला.

“हात काढा,” मामा म्हणाले. “बघू तरी.”

पोस्टमननी हात काढला. मामांनी भर रस्त्यात त्यांचं तोंड उघडायला लावलं, उजेडाकडे वळवलं आणि नीट पाहिलं.

“काम चांगलं आहे,” ते म्हणाले. “डावीकडे जरा उंच राहिली आहे.”

दोन महिन्यांनी त्यांनी दुकान बंद केलं आणि त्याच रुग्णालयाच्या मागच्या खोलीत नोकरी धरली. बसने वीस मिनिटं. साचे डब्यातून येत, डब्यावर नंबर असे, दात करून डबा पुढे सरकवायचा. मामा म्हणायचे, दिवसभर दात करतो पण कोणाचे ते कळत नाही. पगार कोणाचा ते कळतं ना, असं मामी विचारायची आणि विषय संपायचा.

पोस्टमनची कवळी अखेर डावीकडेच टोचायला लागली. रुग्णालयात जायचं तर बस, मग तीन जिने, आणि गेल्यावर पुढच्या आठवड्यातली तारीख. एका संध्याकाळी ते रुमालात कवळी बांधून मामांच्या घरी आले. मामांनी पाच मिनिटांत घासून दिली. चार दिवसांनी एक आजी आल्या. त्यांची कवळी बेसिनमध्ये पडून दुभंगली होती. मुलगा गाडीतून पलीकडे न्यायला तयार होता, पण बिनदातांच्या तोंडाने पूल ओलांडायचा नाही, असं त्यांनी त्याला बजावलं होतं.

अशा खेपा वाढल्यावर मामांनी पुन्हा हिशेब मांडला. नव्या कवळीसाठी माणूस कुठल्या कुठे जातो. मोडलेल्या कवळीसाठी कोपऱ्यापलीकडे जात नाही. कवळी होते आठ वर्षांतून एकदा, टोचते मात्र वर्षातून दोनदा. आणि रुग्णालयाच्या कृपेने गावात दोनशेच्या जागी आता साडेतीनशे कवळ्या झाल्या होत्या. म्हणजे दुरुस्तीला आठ गावं लागत नव्हती. हे एकच पुरत होतं. दोन वर्षांची नोकरी सोडून मामांनी दुकान उघडलं आणि पाटी लावली: ‘कवळी दुरुस्ती. नवीन करून मिळणार नाही.’

भूगोलाच्या बाई आपल्या वडिलांची कवळी घेऊन आल्या, तेव्हा त्यांनी भिंतीवरचा बटाटा पाहिला. हे काय म्हणून विचारलं आणि तासभर तिथेच बसल्या. पुढच्या आठवड्यात त्यांनी मामांना नववीच्या वर्गावर नेलं.

वर्गात काय झालं याबद्दल बाईंचं आणि मामांचं सांगणं जुळत नाही. मामांच्या मते मुलं गप्प बसली होती. बाईंच्या मते, दुरुस्ती हा वस्तू बनवण्याचा, म्हणजे द्वितीयक व्यवसाय की सेवा, यावरून दोन बाकांत जुंपली आणि त्यात मामाही पडले. एका गोष्टीवर मात्र दोघांचं एकमत आहे. मागच्या बाकावरच्या मुलीने विचारलं, “पूल झाला नसता तर तुमचं बरं झालं असतं ना?”

मामा म्हणाले, “माझं झालं असतं.” मग थांबून त्यांनी तिलाच विचारलं, “तुमच्या घरचं कोणी जातं का रोज पलीकडे?”

ताई जाते, ती म्हणाली. नर्सिंग शिकायला. पूल नव्हता तेव्हा तिचं बारावीनंतर शिक्षण थांबवायचं ठरलं होतं.

“मग झाला तेच बरं,” मामा म्हणाले. सह्या मीच गोळा केल्या होत्या, हेही त्यांनी सांगितलं, पण तेवढ्यात मुलं पुन्हा भांडायला लागली होती.

तास संपताना बाईंनी फळ्यावर मामांच्या गोष्टीतले शब्द लिहिले: किमान ग्राहकसंख्या, सेवेचा पल्ला, वेळेने मोजलेलं अंतर. मामांनी ते सावकाश वाचले आणि विचारलं, हे कुठे शिकवतात. नववीच्या पुस्तकात आहे, बाई म्हणाल्या. मामांनी आठवीनंतर शाळा सोडली होती.

बाईंनी त्यांना एक जुनं पुस्तक दिलं. गिऱ्हाईक नसलं की ते दुकानात वाचत बसतात. वस्त्यांचा धडा त्यांना पटला, वाऱ्यांचा नाही. हल्ली रुग्णालयच दर गुरुवारी मोडक्या कवळ्यांचा डबा बसने पाठवतं. डब्यावर नंबर असतो. नाव लिहून पाठवा, असं मामांनी त्यांना कळवलं आहे. अजून उत्तर आलेलं नाही.