मागचेरावांची बातमी आणि राजांची एंट्री

आमच्या नाटक कंपनीच्या प्रॉम्प्टरना आम्ही सगळे मागचेराव म्हणायचो. या माणसानं उभी हयात विंगेत स्टुलावर बसून आमची विसरलेली वाक्यं कुजबुजण्यात घालवली. आवाज असा, की पहिल्या रांगेला ऐकू जाऊ नये आणि नटाच्या कानात मात्र नेमका शिरावा. आमच्या निम्म्या टाळ्या खरं तर त्यांच्याच. पुढे ते आजारातून बरे झाले, म्हणून ही गोष्ट मला हसत सांगता येतेय.

एकदा तालीम संपल्यावर त्यांनी मला आणि राजांना मेकअपच्या खोलीत थांबवून घेतलं. राजे म्हणजे कंपनीतले कायमचे राजे. मुकुट उतरला तरी चाल उतरायची नाही.

"आतड्याचा कॅन्सर निघालाय," मागचेराव म्हणाले. "सोमवारी ऑपरेशन."

राजांनी सवयीनं मान डोलावली, आणि मग मटकन खाली बसले.

"वहिनींना सांगितलंत?" मी विचारलं.

"तिला वाटतंय अ‍ॅसिडिटी आहे. माझा चहा बंद केलाय."

डॉक्टरांनी घरच्या माणसांना आणायला सांगितलं होतं, म्हणून हे गृहस्थ आम्हा दोघांना घेऊन गेले. राजे थोरले भाऊ, मी भावजय. राजांनी भूमिका इतकी मनावर घेतली, की डॉक्टर ऑपरेशन समजावून सांगत असताना ते ढसाढसा रडले. नर्सनं पेशंटला उठवलं आणि त्या पलंगावर राजांना निजवलं.

"पुढच्या वेळी बायकोला आणा," डॉक्टर म्हणाले. "आणि भावाला घरी ठेवा."

आता वहिनींना सांगणं भागच होतं. पण मागचेरावांना काही ते जमेना. तिच्यासमोर उभा राहिलो की वाचाच बसते, म्हणाले. शेवटी राजांनी सांगायचं ठरलं. मागचेरावांनी दोनच वाक्यं बसवून दिली: 'वहिनी, याला कॅन्सर झालाय. सोमवारी ऑपरेशन आहे, तुम्ही बरोबर हव्यात.' तालमीत वहिनी मी झाले. राजांनी असं काही सांगितलं, की मलाच हुंदका आवरेना.

शनिवारी संध्याकाळी आम्ही त्यांच्या घरी गेलो. वहिनी शाळेत शिकवायच्या. आवाज मैदानापलीकडे पोचणारा. इस्त्री करत होत्या. मागचेराव पाण्याचं निमित्त करून स्वयंपाकघराच्या पडद्याआड सटकले. राजे बसायचं सोडून खोलीच्या मधोमध उभे राहिले.

"वहिनी, माणसाचं आयुष्य म्हणजे..."

हे आमच्या ठरलेल्यात नव्हतं.

"म्हणजे काय?" वहिनींची इस्त्री चालूच.

राजे छताकडे बघायला लागले. मी ओळखलं, वाक्य गेलं. शर्टाची एक बाही इस्त्री होऊन संपली तरी राजे छताकडेच. तेवढ्यात पडद्याआडून ती ओळखीची कुजबुज आली. पण आत मागचेरावांचाही धीर सुटला असणार. ठरलेलं राहिलं बाजूला आणि मनातलं तोंडात आलं.

"मला कॅन्सर झालाय. सोमवारी ऑपरेशन आहे."

त्या कुजबुजीवर राजांनी जन्मात कधी शंका घेतली नव्हती. छाती भरून त्यांनी घोषणा केली, "मला कॅन्सर झालाय. सोमवारी ऑपरेशन आहे."

वहिनींनी इस्त्री उभी करून ठेवली. राजांकडे ढुंकूनही न बघता पडद्याला म्हणाल्या, "बाहेर या."

मागचेराव रिकामा पेला घेऊन बाहेर आले.

"कधी कळलं?"

"झाले थोडे दिवस."

"या दोघांना सांगितलंत, आणि मी इथे तुमचा चहा बंद करत बसले?"

"तुझ्या तोंडाकडे बघून सांगवेना."

"वहिनी, दोष माझा," राजे मध्ये पडले.

"तुम्ही बसा. तुमचं काम झालं."

राजे बसले. नेमके इस्त्रीच्या कपड्यांवर बसले.

वहिनी नवऱ्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. "आता तुम्ही सांगा. मला. नीट ऐकू येईल असं."

मागचेरावांनी त्यांच्या तोंडाकडे बघितलं. आणि मग, इतक्या वर्षांत आम्ही कधी ऐकला नव्हता अशा भरदार आवाजात म्हणाले, "मला भीती वाटतेय गं."

"वाटणारच. मलाही वाटतेय." वहिनींनी त्यांच्या हातातला पेला काढून घेतला आणि हात तसाच धरून ठेवला. मग त्या म्हणाल्या, "बॅग भरायला घेऊ. राजे, उठा. त्यांचे शर्ट आहेत ते."